सिदूची सीट

मेलबर्न, ४ जानेवारी २०२६

श्री. शहादेवराव यांसी बजरंगरावांचा नमस्कार.

पोळ्याच्या दिवशी आपलं फोनवर जे झालं, त्यानंतर रोहिणीनं घालून दिलेला नियम मी पाळतो आहे. दोघा व्याह्यांनी फोनवर बोलायचं नाही. कागदावर लिहायचं आणि कागदाचा फोटो पाठवायचा. सूनबाईंचं म्हणणं असं की, लिहिताना माणूस निम्मं खोडतो. मी काही खोडलेलं नाही. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, मी आधी कच्चं लिहितो, मग पक्कं.

तर, सिदूचं जावळ ८ फेब्रुवारीला, रविवारी, आपल्या धारूरच्या डोंगरातल्या बिरोबापुढे, त्याच्या मामाच्या म्हणजे बाळूच्या मांडीवर. त्यात बदल नाही. मी, विमलबाई, रोहिणी आणि सिदू ३० जानेवारीला इथून निघू. हरिओमला रजा नाही. माझ्या गुडघ्यांमुळे त्यानं आम्हा नवराबायकोचं तिकीट बिझनेस क्लासचं काढलं आहे. तो सगळ्यांचंच तसं काढत होता, ते मी थांबवलं. रोहिणी आणि सिदू मागे, साध्या वर्गात बसतील. मध्ये फक्त एक पडदा असतो.

कारण सांगतो. इकडे येताना आमच्या पुढच्या रांगेत एका जोडप्याचं तान्हं मूल होतं. ते सिंगापूरला रडायला लागलं आणि मेलबर्नला थांबलं, तेही उतरल्यावर. त्या वर्गात माणूस खुर्ची विकत घेत नाही, झोप विकत घेतो. मी विमान कंपनीला चार पानी तक्रार पाठवली की, लहान मुलांना पुढच्या वर्गात बसवू नये. आता हे मत माझ्याच नातवाला लागू होत नसेल, तर ते मत नव्हे, सोय झाली.

आम्ही येईपर्यंत हुरडा संपवू नका.

आपला,
बजरंगराव


धारूर, ६ जानेवारी

व्याहीबुवांना शहादेवचा रामराम.

तुमचं पत्र सरूबाईला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "पडद्याच्या पुढं सासरा, मागं सून. मंग पडद्यापशी कोण उभं ऱ्हातं?" मी म्हणलं, हवाई सुंदरी. ती उठून चुलीकडं गेली. त्या दिवशी कालवणात मीठ नव्हतं.

बजरंगराव, मी एकतीस वर्षं एसटीत घंटी ओढली. कोण कुठं बसतं, हे मला शिकवू नका. आमच्या गाडीतबी बिझनेस क्लास होता. पुढची सीट, वर पाटी: विधानसभा सदस्यांसाठी राखीव. त्या सीटवर बसलेला आमदार मी कधी पाहिला न्हाई. तिथं धारूरच्या घाटात ओकणारी लेकरं बसायची, कारण मागं चाकावर दणके लई. रडणारं पोर मी कधी मागं धाडलं न्हाई. मागं गेलं की ते जास्त रडतं, आन वर मागचे चाळीस जण कंडक्टरच्या आईला आठवतात. एकदा तेलगावच्या एका बाईनं त्या सीटवर बोकड बसवला. त्यालाबी मी उठवला न्हाई. त्याचं तिकीट होतं.

आन तुमी इंजिनियर झालात म्हणून सगळंच विसरलात का? तुमच्या आष्टीच्या वस्तीवरनं तुमचे वडील मेंढरं घेऊन निघायचे, तवा घोड्यावर कोण असायचं? कारभारी? कारभारी पायी, टाचा घाशीत. घोड्यावर दोन दिसांची कोकरं आन दोन महिन्यांची लेकरं, एकाच वाकळंत बांधलेली. तुमीबी त्याच क्लासनं नदी ओलांडलीय.

माझी लेक मागं आन तुमी पुढं पाय पसरून, हे मला मान्य न्हाई. जावळ होईल. पण सुनेला मागं बसवून आणणाऱ्या सासऱ्याला माझ्या दारात पहिला टॉवेल-टोपी मिळणार न्हाई. बिरोबापुढं, चार पाव्हण्यांत. काय ते ठरवा.

शहादेव


मेलबर्न, ९ जानेवारी

श्री. शहादेवराव,

घोड्याचा उल्लेख वाचला. नसता तरी चाललं असतं. इथे शेजाऱ्यांना मी 'शेतकरी कुटुंबातला' एवढंच सांगितलेलं आहे, आणि ते पुरेसं आहे.

आपण कंडक्टर होता, म्हणून कंडक्टरला कळेल असं सांगतो. घोड्यावर बांधलेल्या लेकराच्या शेजारच्या सीटवर कुणी अनोळखी माणूस झोपलेला नसायचा. विमानात असतो. तो उद्या उतरल्याबरोबर कुणाचं पोट फाडणारा डॉक्टर असेल, त्यानं आज झोपू नये? मूल रडतं यात मुलाचा दोष नाही, उंचावर त्याचे कान दुखतात. पण शेजाऱ्याचा तरी काय दोष? मागच्या वर्गात सगळेच अवघडून जागे असतात, तिथे रडणं मिसळून जातं.

आणि टॉवेल-टोपीची धमकी मला देऊ नका. सूनबाईंना मी रीतसर विचारलं. त्या "बरं" म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. माझ्या उभ्या नोकरीत इतक्या लवकर मंजूर झालेला प्रस्ताव मी पाहिला नाही.

बजरंगराव

ता. क. मी विमलबाई लिहिते. रोहिणी सिदूला वरण फार पातळ देते. मी रोज सांगते. टोपडंही घालत नाही. सरूबाईंनी तिला समजावून सांगावं.


धारूर, ११ जानेवारी

रोहे,

तुझ्या सासऱ्यानं तुला मागं बसवलंय, आन तू लगेच "बरं" म्हणलीस म्हणं. लहानपणी तू खिडकी मिळाली न्हाई तर बाप कंडक्टर असलेल्या गाडीतनं उतरून बसायचीस. आता लगेच "बरं"?

खरं सांग. तिथं नीट हाय ना? आईला झोप न्हाई. मला तर पहिल्यापासनं न्हाई. सकाळी उठून स्टँडवर जातो, एक फेरी मारतो, परत येतो. लोक विचारतात, "मास्तर, ड्युटी लागली का काय पुन्हा?"

बाबा


मेलबर्न, १२ जानेवारी

बाबा,

मी ठीक आहे. सीट मला चालते. नुसती चालत नाही, तीच हवी आहे. का, ते फोनवर सांगता येत नाही आणि इथे लिहायचं तर लिहिताना कुणी ना कुणी मागे उभं असतं. आत्ताही आहे. आबा विचारतायत, हे पेन कुठलं.

कृपा करून काही करू नका. बाबा, खरंच काही करू नका.

सिदूला चार दात आले. पाचव्याची तयारी चालू आहे, सगळ्या घराला कळेल अशी.

रोहिणी


धारूर, २४ जानेवारी

व्याहीबुवा, रामराम.

मधे पत्र लिहिलं न्हाई, कारण बीडला खेटे चालू होते. आता काम झालं, म्हणून कळवतो.

लेकीचं पत्र आलं: काही नको, काही करू नका. मी आयुष्यभर लेकी सासरी जाताना पाहिल्यात. काचेशी आई उभी, आन लेक आतनं म्हणती, "काही नको गं, बरी हाय मी." घाट उतरेस्तोवर तीच पदर तोंडात धरून असती. "काही नको" म्हणजे काय, हे बापाला कळत नसंल तर त्यानं बाप कशाला व्हावं?

तर बीडच्या एजंटाकडनं रोहिणीचं तिकीट पुढच्या वर्गात करून घेतलंय. तुमच्या बरोब्बर मागची रांग. सिदू तिच्या मांडीवर. हरिओमरावांनी बुकिंगचा नंबर दिला. ते बिचारे पहिल्यापासनं हेच म्हणत होते. कळपातले दोन एडके कमी झाले, त्याची चर्चा नको. बाळू चार दिवस बोलत न्हाई माझ्याशी, त्याचीबी नको.

आता तुमी म्हणाल, हे परस्पर कसं केलं. हे तिकीट न्हाई, हा पाळणा हाय. पहिल्या लेकराचा पाळणा माहेरनं द्यायचा असतो. बाळंतपण तिकडं झालं, पाळणा तुमी तिकडंच दुकानातनं आणला, तवा सरूबाई भिंतीकडं तोंड करून झोपली, पण आमी बोललो न्हाई. आता हा आमचा. आन माहेरच्या पाळण्याला नको म्हणायचा हक्क सासऱ्याला नसतो, हे तुमच्या आष्टीतबी चालतं.

रोहिणीला आधी सांगू नका. विमानात बसल्यावर तिचा चेहरा कसा होतो, तेवढं लिहा.

शहादेव


पुणे, ३१ जानेवारी

श्री. शहादेवराव,

आपण चेहरा विचारला होता. तिकिटावरचा सीट नंबर वाचून सूनबाईंचा चेहरा असा झाला की, मला वाटलं पासपोर्ट घरी राहिला. त्यांनी काउंटरवर विचारलं, जुनी सीट परत मिळेल का. ती गेली होती. हे मला त्या वेळी समजलं नाही. पुढचंही समजलेलं नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

विमान वर गेलं आणि सिदूनं सुरुवात केली. विमलबाईंनी उलटीची गोळी घेतली होती, त्या झोपल्या. बरोबर पट्टे बांधायचा दिवा विझला तेव्हा सूनबाई उठल्या. सिदूला माझ्या मांडीवर ठेवलं, "आबा, जरा धरा" म्हणाल्या आणि पडद्यामागे गेल्या. हवाई सुंदरीनं त्यांना दोनदा विचारलं, नक्की मागेच जायचंय ना. मागून पुढे घुसणारे तिनं पुष्कळ पाहिले असतील, पुढून मागे जाणारं माणूस पहिलंच.

मला वाटलं, मोरीकडे गेल्या असतील. त्या परत आल्याच नाहीत.

सिदू माझ्या कानात रडत होता. शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली, कारण येताना तीच नजर मी त्या जोडप्यावर वापरली होती. अगदी तशीच, भुवई एक वर. थोड्या वेळानं ते इंग्रजीत म्हणाले, मुलाला मागे नेता येईल का. माझी चार पानं त्यांनी एका वाक्यात बसवली होती. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "याच्या आजोबांनी याचं भाडं भरलेलं आहे." कुठल्या आजोबांनी, ते सांगितलं नाही.

मग गुडघे घेऊन उठलो. फेऱ्या मारल्या. किल्ल्या दाखवल्या, चष्मा दिला, चष्मा गेला. आता पुढचं लिहू की नको, हे मी कच्च्या कागदावर तीनदा खोडलं आहे.

माझे वडील मेंढरं पाण्यावर आणली की एक आवाज काढायचे. ओठ सैल सोडून, आतल्या आत, र्रर्रर्र असा. त्या आवाजाला अख्खा कळप माना खाली घालायचा. हा आवाज मी कॉलेजला गेल्यापासून काढलेला नव्हता. तो कसा आला, मला माहीत नाही. सिदू एकदम गप्प झाला आणि माझ्या ओठांकडे बघायला लागला. मी थांबलो की तो सुरू. मी सुरू झालो की तो गप्प. शहादेवराव, मी सेवानिवृत्त कार्यकारी अभियंता, सिंगापूरपर्यंत र्रर्रर्र करत गेलो. टक्कलवाले गृहस्थ घोरत होते.

सिंगापूरला सूनबाई पडद्यातून बाहेर आल्या, तेव्हा गालावर उशीची घडी उमटलेली आणि चेहरा असा की, वर्षभर एका घरात राहून मी तो पाहिलेला नव्हता. मला राग यायचा होता. आला नाही. त्या मागे का गेल्या? आपली लेक आहे, आपण सांगा.

बजरंगराव


पुणे, २ फेब्रुवारी

बाबा आणि आबा,

दोघांना एकच पत्र. इथे माझ्या मागे कुणी उभं नाही. आई झोपल्यात, आबा चष्मा दुरुस्त करायला गेलेत.

बाबांनी काल विचारलं, "मागं कावून गेलतीस?" आबांनी बाबांना विचारलं. मला अजून कुणी सीट देण्याआधी काही विचारलेलं नाही. आबांनी विचारलं होतं, "मागे बसशील ना?" असं. तो प्रश्न नव्हता.

आता ऐका. साध्या वर्गात पहिल्या रांगेसमोर भिंत असते, त्या भिंतीला पाळणा अडकवतात. त्या विमानात पुढच्या वर्गात पाळण्याची सोयच नव्हती. मी ती पाळण्यासमोरची सीट फोनवर तासभर भांडून मिळवली होती. बाबा, तुम्ही एडके विकून माहेरचा पाळणा पाठवलात आणि त्या पाळण्यानं माझा पाळणा गेला.

पण खरं कारण पाळणा नाही. सिदू पोटात होता तेव्हापासून मी एकटी बसलेली नाही. वरण पातळ झालं. टोपडं कुठंय. असं धरतात का. हे पेन कुठलं. कुणी वाईट नाही, सगळे मायेनंच बोलतात, म्हणून तर उलट बोलता येत नाही. आबा जेव्हा म्हणाले, तू पडद्यामागे बस, तेव्हा मला वाटलं, देवानं ऐकलं. मी दिवस मोजत होते. तिथे सिदू रडला असता तर मी त्याला घेऊन रडू दिलं असतं. कुणी काही शिकवलं नसतं. शेजारच्या बाया फार तर म्हणाल्या असत्या, "आण इकडं," आणि घेतला असता. मला तेवढा वेळ कुणाची सून, कुणाची लेक व्हायचं नव्हतं. नुसती सिदूची आई व्हायचं होतं.

ते जमलं नाही, म्हणून उलटं केलं. सिदूला तुमच्या मांडीवर दिलं आणि मागची एक मोकळी रांग बघून आडवी झाले. आबा, तुमचा र्रर्रर्र पडद्यातून ऐकू येत होता. आधी वाटलं, विमानातच काही बिघाड झाला. मग ओळखलं आणि झोपले.

लहान मुलांनी पुढच्या वर्गात बसावं की नाही, यावर तुम्ही दोघं महिनाभर लिहीत होता. सिदूच्या आईनं कुठे बसावं, हा त्यातला मुद्दाच नव्हता.

रविवारी भेटू.

रोहिणी


धारूर, १० फेब्रुवारी

व्याहीबुवा, रामराम.

पुण्याला सुखरूप पोचलात का? रोहिणी आन सिदू महिनाभर इथंच ऱ्हातील. सरूबाईनं वरणाचं नाव काढायचं न्हाई, असा ठराव झालाय. दोनदा मोडला.

जावळाची गोष्ट गावात अजून चालू हाय. पोरगं बाळूच्या मांडीवर, वस्तरा बघितला आन असं वरडलं की डोंगर घुमला. बाळू घामाघूम. आन तुमी डोक्यावर पहिल्या मानाची टोपी घालून उठलात, चार पाव्हण्यांत, आन काढला तो आवाज. सिदू गप. ते ठीक. पण वरच्या टेकाडावर बाळूची मेंढरं चरत होती ती सगळी सरळ खाली आली आन पंगतीत शिरली, ह्याचं काय? पत्रावळी तुमी भरून देणार का? आष्टीचा शेतकरी म्हणं.

टोपी तुमाला शोभली, हे सरूबाईचं मत. माझं न्हाई.

आता मुद्द्याचं. हे पत्र दोघांतच ठेवा. लेकीनं लिहिलं ते मी लई वेळा वाचलं. आपली चूक झाली. ती दुरुस्त करायची. तर परतीचं मी असं ठरवलंय: पाळण्यासमोरची सीट रोहिणीला. शेजारच्या दोन सीटा आपण घ्यायच्या आन मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे तिला एकटं बसता येईल. पण अगदीच एकटी नको, म्हणून विमलबाईंनी चार रांगा मागं बसावं. तिला दिसणार न्हाई असं. हरिओमरावांशी मी बोलतो, तुमी कंपनीला चार पानं लिहा. तुमचं इंग्रजी चांगलं हाय.

तिला आधी सांगायचं न्हाई.

शहादेव


धारूर, १२ फेब्रुवारी

आबा आणि बाबा,

बाबांना हे पत्र मी ओसरीवरून माजघरात नेऊन देणार आहे. नियम म्हणजे नियम.

परवाचं पत्र दोघांतच ठेवायचं होतं. बाबांनी त्याचा फोटो काढायला कागद मलाच दिला. म्हणाले, "वाचू नको हं."

परतीचं तिकीट मी काढलं आहे. माझं आणि सिदूचं. आईंनी आणि आबांनी पुण्यातच राहावं, गुडघ्यांना बरं. पुढचा वर्ग की मागचा, रांग कुठली, खिडकी आहे का, पाळणा आहे का, हे मला माहीत आहे आणि तेवढं पुरे. हरिओमलाही सांगितलेलं नाही. विमानतळावर सोडायला या. दोघंही या, एकाच गाडीनं, वाटेत भांडत या. काचेशी उभे राहा. मी "काही नको" म्हणाले, तर त्या दिवशी त्याचा अर्थ काही नको असाच घ्या.

सिदू रडेल. शेजारी कुणी भुवई वर करेल. करू दे.

आबा, तुमचा तो आवाज मी तीन दिवस बाळूदादाबरोबर टेकाडावर जाऊन शिकते आहे. सिदूपुरता जमायला लागला. मेंढरं अजून ऐकत नाहीत.

रोहिणी